गिऱ्हाइकाची सॅक

अकरा महिने ती खिळ्याला टांगलेली,
दहीपुलाच्या बोळात, माझ्या टपरीत.
निळी, मोठी, एक रनर नवा,
डावा पट्टा दुहेरी शिवलेला.
चिठ्ठीवर नाव : तेजल पगार. बाकी एकशेवीस.
फोन लावला की एक बाई सांगते
हा क्रमांक अस्तित्वात नाही,
इतक्या गोड आवाजात
की मी दर शनिवारी लावायचो.

सहा महिन्यांनंतर माल विकला जाईल,
असं भिंतीवर मीच लिहिलंय.
विकायला काढली, उलटी करून झाडली,
तर चोरकप्प्यातून यादी पडली :
टॉर्च. कोरडे मोजे. चिक्की. मेणबत्ती.
चौघांपुढं बरोबरची खूण.
आणि तळाशी, खुणेवाचून,
गिरा.

मला वाटलं, मैत्रीण असेल.
जिला सोबत न्यायचं राहून गेलं अशी कुणी.
बकल बदलायला आलेला पोरगा हसला :
मामा, धबधबा आहे तो. वघईपाशी. गुजरातेत.

खांद्याला कुठं काचतं,
कुठली शिवण आधी जाते,
हे मला न चालताच ठाऊक.
सत्तावन्नावं सरलं माझं
दुसऱ्यांच्या वाटा टाचून देण्यात.
भाद्रपदातल्या एका मंगळवारी
शटर ओढलं, बायकोला सांगितलं मालाला जातो,
आणि सॅक पाठीवर घेतली.
पट्टा माझ्या मापाचा नव्हता. तसाच ठेवला.

वणी, नांदुरी, बोरगाव.
हतगड ढगात डोकं घालून बसलेला.
शेजारणीच्या मांडीवर कोंबडा,
तिकीट न काढलेला, ऐटीत.

सरहद्द म्हणजे काहीतरी दिसेल, वाटलं होतं.
एक आडवा बांबू, एक पत्र्याची शेड.
फक्त पाटीवरच्या अक्षरांची
वरची शिवण कुणीतरी उसवलेली,
आणि तरी अक्षरं सुटून पडली नव्हती.
कारागीर म्हणून मला त्याचं नवल वाटलं.

थेलो कोनो छे?
पोलीस बाटली शोधत होता.
निघालं काय, तर टॉर्च, मोजे, चिक्की, मेणबत्ती,
आणि सवयीनं घेतलेली सुईदोऱ्याची डबी.
गिऱ्हाइकाचा, म्हटलं.
गिऱ्हाईक क्यां छे?
मी पुढच्या रस्त्याकडं बोट केलं.
खोटं बोललो का, ते अजून ठरत नाही.

गिरा गढूळ होती.
कॅलेंडरवरच्यासारखी पांढरी नाही,
चहाच्या रंगाची, रुंद, घाईतली.
म्हणे सुरगाण्याकडून येते,
म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली की!
बिनझडतीची, बांबूखालून.
आवाज असा, जसं दोरा संपलाय
आणि मशीन चालूच आहे,
शिवतंय, शिवतंय, जोडत काहीच नाही.
मी तासभर उभा होतो.
कणसं भाजणारी म्हणाली, एकलाच का?
मी दोन कणसं घेतली.

यादी काढली. खिशात शिंप्याचा खडू होता.
तुषारांनी कागद ओला, खडू उमटेना.
मग सुई ओवली,
आणि गिराच्या पुढं
लाल दोऱ्याचा एक टाका घातला,
घट्ट नाही, कागद फाटेल इतका तर नाहीच.

परत येऊन ती त्याच खिळ्याला लावली.
रात्रभर फरशीवर टिपकत होती.
चिठ्ठीवरचे एकशेवीस खोडले,
त्या जागी काय लिहावं सुचलं नाही,
माझ्याकडूनच काही निघतं असं वाटतं.

शनिवारी फोन लावला.
या वेळी बाईचं बोलणं पूर्ण होऊ दिलं,
मराठीत, हिंदीत, मग इंग्रजीतही.
गढूळ आहे, म्हटलं, पण जाऊन या.